वाईचा आमचा वाडा नक्की कुणी बांधला?

माजघर · शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडी लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वाईला गणपती आळीत आमचा वाडा आहे. म्हणजे अजून तरी उभा आहे. दोन चौकांचा. पुढच्या चौकात हौद, मागच्या चौकात तुळस आणि बारा महिने ओली असणारी एक भिंत. आजोबा सांगायचे, आमचा मूळ पुरुष पेशव्यांचे सरदार रास्ते यांच्या पदरी होता आणि रास्त्यांनी त्याला हा वाडा बांधून दिला, तोसुद्धा ढोल्या गणपतीच्या देवळातून उरलेल्या दगडात. देऊळ १७६२ चं, म्हणजे आमचा वाडाही १७६२ चा. घरातल्या प्रत्येक मुंजीत, प्रत्येक लग्नात ही गोष्ट पाहुण्यांना ऐकवली जाते. मीही ऐकवली आहे.

आता चुलत भावंडांचं मिळून वाडा पाडायचं जवळजवळ ठरलंय. बिल्डरने नकाशाही दिलाय. मागच्या आठवड्यात सामान आवरायला गेले, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेला एक रुमाल सापडला. आत मोडीतले पाच कागद. दोन एकमेकांना शिवलेले, एकाला कसर लागलेली. फोटो खाली टाकलेत.

प्रश्न दोन. वाडा खरंच १७६२ चा आहे का? आणि हे कागद कुणी वाचून देईल का? पाडायचाच असेल तर निदान काय पाडतोय ते तरी कळावं.

ता.क. माजघराच्या भिंतीवरचा चुना एका जागी सुटला होता, नाण्याने जरा खरवडला. आतून गेरूच्या रंगाची वेलबुट्टी निघाली. तोही फोटो आहे.

रामडोह · शनिवार, रात्री ११:०५

वाईकर हजर!

पहिला प्रश्न: तुमच्या वाड्यात भुयार आहे का आणि ते कुठे जातं? आमच्या शेजाऱ्यांचं पांडवगडला जातं. समोरच्यांचं मेणवलीला, थेट नाना फडणविसांच्या वाड्यात. आमचंच तेवढं घाटावर संपतं, त्यामुळे आम्ही गरीब. वाईतली सगळी भुयारं खरी असती तर गाव कधीच कृष्णेत बसलं असतं.

उरलेल्या दगडाची गोष्ट मी आमच्या आळीतल्या किमान चार घरांत ऐकली आहे. रास्त्यांनी बांधकाम अफाट केलं हे खरंच. काशीविश्वेश्वर १७५७, ढोल्या गणपती १७६२, महालक्ष्मी १७७८, शिवाय घाट. गोपिकाबाई रास्त्यांची लेक आणि नानासाहेब पेशव्यांची बायको, तेव्हा पैशाला तोटा नव्हता. पण दगड उरला म्हणून कारकुनाला वाडा? पुराचं पाणी दुभंगावं म्हणून देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती करणारा गवंडी इतका दगड उरवेल असं वाटत नाही.

माजघर · शनिवार, रात्री ११:२०

भुयार आहे :) मागच्या सोप्यात फरशीखाली. लहानपणी आम्हाला तिकडे फिरकू देत नसत. नदीला जातं म्हणे.

चुनाघाणी · रविवार, सकाळी ७:५०

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून लिहितोय. आधी हात जोडून विनंती: भिंत खरवडू नका. नाण्याने तर नाहीच. ती वेलबुट्टी बहुतेक चित्राची किनार आहे, आत आणखी असेल. मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहिली असतीलच. वाईच्या बऱ्याच वाड्यांत तसलं काम चुन्याच्या दहा-दहा हातांखाली झोपलेलं आहे. दर दिवाळीला नवा हात बसत गेला म्हणूनच ते टिकलं.

आता वाड्याबद्दल. फोटोंवरून सांगतोय, त्यामुळे बेताने घ्या.

तळमजला जुना. घडीव दगडाचं जोतं, सुरूच्या झाडाच्या घाटाचे सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, वर केळफुलाचं काम. दुसऱ्या फोटोत खांब आणि तुळईच्या सांध्यात लाकडाची पाचर दिसते, खिळा कुठेच नाही. विटा पातळ आहेत, आजच्या विटेच्या निम्म्या जाडीच्या. पेशवाईतलं काम म्हणायला माझी हरकत नाही.

माडी मात्र वेगळीच गोष्ट आहे. तिथल्या तुळया करवतीने सरळ कापलेल्या, खालच्या वाकसाने तासलेल्या. जिन्याचा कठडा बिडाचा. आणि वर मंगलोरी कौलं. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, त्याआधी ही कौलं असणं शक्यच नाही. शिवाय ती वाईपर्यंत आणायची म्हणजे रेल्वे हवी. पुण्याहून दक्षिणेकडची लाइन १८९० च्या आसपास झाली, माल वाठार स्टेशनला उतरवून पुढे बैलगाडी. म्हणून माझा अंदाज असा की माडी १८९० नंतर कधीतरी चढवली किंवा नव्याने बांधली. एखादं कौल उतरवून पालथं करून बघा, कारखान्याची छाप असते.

भुयाराचं सांगायचं तर ते पेव असणार, धान्याचं. नाहीतर तळघर. आत वाकून बघा, बाजूंना शेणामातीचा गिलावा दिसला तर पेवच. नदीला जाणाऱ्या वाटेला कुणी गिलावा करत नाही.

कारकून · रविवार, सकाळी ९:१५

भूमि अभिलेखात नोकरी गेली, आता निवृत्त. दगड आणि खांब ठीक आहेत, पण मालकी कागदावर असते.

सिटी सर्व्हे नंबर काढा. मालमत्ता पत्रकावर तुमच्या आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव दिसेल, त्याने फारसं कळणार नाही. कार्यालयात अर्ज करून चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. सिटी सर्व्हे झाला तेव्हा प्रत्येक घराला विचारलं होतं की हे तुमचं कशावरून. कुणी सनद दाखवली, कुणी खरेदीखत, कुणी नुसतंच 'वडिलोपार्जित' सांगितलं. तो शेरा तिथे असतो.

इनाम असेल तर गोष्ट आणखी सोपी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने गावोगावची इनामं तपासली. रास्त्यांनी दिलेलं खरंच काही असतं तर तुमच्या पणजोबांच्या आजोबांना तेव्हा कागद दाखवावा लागला असता, आणि त्याची नोंद पुण्याच्या पुराभिलेखागारात मिळायला हवी.

मोडीवाचक · रविवार, दुपारी ४:३०

दुपारभर बसून दोन कागद वाचले. फोटो बरे आहेत, फक्त घडीवर सावली पडली आहे.

शिवलेल्या जोडीतला वरचा कागद जुना. वर काळ असा: सन समान सबैन मया व अलफ, छ १२ सवाल. ज्यांना ही कालगणना नवी आहे त्यांच्यासाठी: समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७८. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. हा सुहूर सन, मृगाला बदलतो. त्यात ५९९ मिळवले की मृगापासून डिसेंबरपर्यंतचं इसवी साल येतं, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. सवाल महिना त्या वर्षी नोव्हेंबरात आला होता. तेव्हा हा नोव्हेंबर १७७७. तिकडे पुण्यात सवाई माधवराव साडेतीन वर्षांचे आणि कारभार नानांकडे.

मजकूर घरजागेचा आहे. भावाभावांची वाटणी झाली आणि 'राहते घर चौसोपी' एकाच्या वाट्याला आलं. चतुःसीमा दिली आहे: दक्षिणेस गल्ली, उत्तरेस परसू, पश्चिमेस दुसऱ्याची भिंत, पूर्वेस 'आड निमे सामाईक'.

माजघरताई, एक विचारतो. तुमच्या वाड्याच्या पूर्वेला शेजाऱ्यांशी सामाईक विहीर आहे का? आणि तुमचं आडनाव कळवाल का, इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माजघर · रविवार, संध्याकाळी ६:१०

काका, अंगावर काटा आला. आड आहे. पूर्वेची भिंत त्याच्या बरोबर मधोमध चढवली आहे. अर्धं तोंड आमच्याकडे, अर्धं शेजारी. लहानपणी पलीकडच्या काकू पाणी शेंदायला आल्या की आमच्याकडून फक्त त्यांचे हात आणि पोहरा दिसायचा. गप्पा सगळ्या आडातून.

व्यनि केला आहे.

मोडीवाचक · रविवार, रात्री ९:००

व्यनि मिळाला. ताईंनी सगळ्यांसमोर लिहायला सांगितलं, म्हणून लिहितो.

१७७७ चा वाटणीपत्राचा कागद तुमच्या घराण्याचा नाही. आडनाव दुसरं आहे, गोत्रही दुसरं. घर तेच, माणसं वेगळी.

तुमच्या पूर्वजांचं नाव येतं ते दुसऱ्या कागदात. शके १७६६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमी. म्हणजे नोव्हेंबर १८४४. (२०२४-२५ ला क्रोधी संवत्सरच होतं. बरोबर तीन फेरे, १८० वर्षं.) त्या वेळी वाई साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होती, राज्य खालसा व्हायला अजून चार वर्षं होती. पण पैसे 'कंपनी शिक्का' लिहिले आहेत. रुपये सातशे, व्याज दरमहा दर शेकडा एक, मुदत पाच वर्षं.

हे गहाणलहाण खत आहे. घर गहाण ठेवलं, मुदतीत पैसे फिटले नाहीत तर हेच खरेदीखत समजावं, अशी अट. लिहून देणारे १७७७ वाल्यांचे वंशज. लिहून घेणारे तुमचे. पैसे फिटले नाहीत हे उघडच आहे, कारण जुना वाटणीपत्राचा कागद तुमच्या रुमालात आहे. घर गेलं की त्याच्या आधीचे कागदही हवाली करत, म्हणून दोन्ही एकत्र शिवलेले.

रामडोह · रविवार, रात्री ९:२०

म्हणजे वाडा पेशवेकालीन आहे.

फक्त तुमचा नाही.

कारकून · रविवार, रात्री ९:४५

रामडोह, जरा सबुरीने. त्या काळात निम्मी वाई अशीच हात बदलली असणार. १८१८ नंतर पेशवाईची चाकरी संपली, वेतनं थांबली, वाडे मात्र तेवढेच मोठे राहिले. कौलं शाकारायला दरसाल खर्च, घरात वीस माणसं आणि मिळवतं कुणी नाही. ज्याच्याकडे रोकड होती त्याने पैसे दिले. सावकार म्हटलं की लोकांना लगेच गोष्टीतला सावकार दिसतो. दरमहा एक टक्का तेव्हाच्या मानाने जबर नव्हता.

ओसरी · सोमवार, सकाळी ८:३०

मी माजघरचा चुलतभाऊ. खास या धाग्यासाठी खातं काढलं.

अगं, घरातले कागद असे चव्हाट्यावर टाकायची काय गरज होती? काल रात्री आत्याचा फोन. तिला कुणीतरी धागा पाठवला, ती रडत होती. 'आपण काय लोकांची घरं गिळणारे होतो का' म्हणून. आजोबांची गोष्ट खोटी होती हे सिद्ध करून काय मिळालं? पाडायचं ठरलंच आहे. तुझीही सही आहे.

माजघर · सोमवार, सकाळी ९:०५

दादा, सही तत्त्वतः केली आहे, खतावर नाही. आत्याशी मी बोलते. आणि आपलं आडनाव इथे कुणीच लिहिलेलं नाही.

आणि आजोबा खोटं बोलले असं मी कुठे म्हटलं? त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी सांगितलं.

चुनाघाणी · सोमवार, दुपारी १:१५

घरगुती गोष्टीत पडत नाही. एवढंच सांगतो की पाडायचं ठरलं तरी त्याआधी मोजणी करून नकाशा काढून घ्या, खांब-तुळयांचे फोटो काढा. जुनं सागवान घेणारे लोक आधी येतात आणि केळफुलाचे खांब टेम्पोत टाकून नेतात. पुढे ते एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभे दिसतात, खाली तळखडा नाही, वर तुळई नाही. मी पाहिले आहेत.

रामडोह · सोमवार, रात्री १०:१०

कालचा माझा विनोद जरा लागला असेल, माफी.

वाईच्या माळ्यांवर काय काय पडून आहे याची आपल्याला कल्पना नसते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ ला पानिपतच्या काळातली पत्रं छापली, ती मूळ वाईच्याच एका घरातून मिळालेली. मेणवलीचं नानांचं दप्तर आता पुण्याला डेक्कन कॉलेजात आहे. बाकीच्यांचं बंबात गेलं. आमच्या चुलत आजोबांनी दोन पोती मोडी कागद आंघोळीचं पाणी तापवायला वापरले, 'वाचता कुठे येतात कुणाला' म्हणून. तेव्हा ताई, रुमाल उघडलात हेच फार केलंत.

पागोळी · मंगळवार, रात्री ११:५०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. फोटोतला हौद ओळखला म्हणून लिहिते.

माझी आजी तुमच्या वाड्यात भाड्याने राहायची. मागच्या चौकात, पश्चिमेच्या सोप्यात, एक खोली आणि पडवी. भाडं अकरा रुपये. शेवटपर्यंत अकराच राहिलं, त्यावरून तुमच्या आजोबांशी तिचं कधी धड बोलणं नव्हतं, पण दर महिन्याच्या एक तारखेला ती स्वतः जाऊन पैसे ओसरीवर ठेवून यायची आणि पावती घेतल्याशिवाय हलायची नाही. सगळ्या पावत्या तारेत ओवलेल्या होत्या. माझे आजोबा पाठशाळेत शिकायला आलेले, पुढे इथेच राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना येता-जाता पाहिलेलं ती फार कौतुकाने सांगायची. मी सुट्टीत असायचे. धोम धरण होण्याआधी नदीचं पाणी आळीत शिरायचं तेव्हा आजी धान्याचे डबे माडीच्या जिन्यावर मांडायची, बिडाच्या कठड्याला दोरीने बांधून. तो कठडा फोटोत पाहिला आणि बराच वेळ बघत बसले.

सांगायचं होतं ते वेगळंच. आम्ही राहायचो त्या खोलीला सगळे 'मातुश्रींची खोली' म्हणायचे. तुमच्याकडचेही म्हणायचे. आजीला विचारलं होतं, कुठल्या मातुश्री? ती म्हणाली, मालकांच्या कुणी असतील. तुमच्या आजीला विचारलं तर त्या म्हणाल्या, आमच्यात कुणी नाही बाई, भाडेकऱ्यांच्या असतील.

माजघर, तुम्हाला माहिती आहे का कुणाची ती?

माजघर · बुधवार, सकाळी ७:२०

पागोळी, पायावर पाणी घालून घरात घ्यायला हवं होतं तुम्हाला, आणि तुम्ही 'लिहू की नको' म्हणताय. त्या पावत्यांचं पुस्तक आमच्याकडच्या बाजूने अजून आहे, आजोबांच्या टेबलात.

नाही, मलाही माहीत नाही. मातुश्रींची खोली हे नाव कायम ऐकलंय. तिथे संध्याकाळी दिवा दाखवायची पद्धत होती, देव नसताना. आई दाखवायची, तिला तिच्या सासूने सांगितलं म्हणून.

ओसरी · बुधवार, सकाळी ८:००

मी दाखवलाय तो दिवा. आई आजारी होती तेव्हा.

मोडीवाचक · गुरुवार, रात्री ८:४०

पागोळीताईंचं वाचलं आणि गहाणखत पुन्हा काढलं. ताईंना मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितला होता, तो आज आला. मी आधी पाठ बघितलीच नव्हती, चूक माझी.

पाठीवर साडेतीन ओळी आहेत. हात तोच, शाई जरा पातळ, बहुधा त्याच दिवशी मागाहून आठवण होऊन लिहिलेल्या. एका ठिकाणी कसरीने अक्षर खाल्लंय, बाकी स्वच्छ आहे. लिहून देणाऱ्याने घातलेली अट अशी: मुदत भरून घर तुम्हांकडे आलियास आमचे मातुश्री हयात आहेत तों पश्चिमेकडील सोपा त्यांजकडे चालवावा, दिवाबत्तीस तेल द्यावे, हरकत करू नये.

खाली दोघांच्या निशाण्या. तुमच्याकडच्या माणसाने नुसती सही केलेली नाही, 'मान्य असे' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. बाकी सगळ्या कागदात त्याचं अक्षर तेवढंच.

रामडोह · गुरुवार, रात्री ८:५५

...

पागोळी · गुरुवार, रात्री ९:३०

म्हणजे तीही घर गेल्यावर तिथे राहिलेली. आणि माझी आजी तिच्याच खोलीत, अकरा रुपयांत.

चुनाघाणी · गुरुवार, रात्री १०:००

त्या सोप्यात बाहेरच्या बाजूने वेगळं दार आहे का? तिसऱ्या फोटोत परसाकडच्या भिंतीत बुजवलेली चौकट वाटतेय, विटांची जात वेगळी आहे.

माजघर · रविवार, संध्याकाळी ७:३०

काल वाईला जाऊन आले. दादाही आला होता, मी न बोलावता.

कौल पालथं केलं, बासेल मिशनचीच छाप आहे. भुयारात मोबाईलचा उजेड टाकला. शेणामातीचा गिलावा, साडेपाच-सहा फूट खोल, तळाशी एक फुटका पोहरा. रामडोह, आम्हीही गरीबच निघालो.

परसाकडची चौकट खरंच दाराची आहे. उंबरा अजून जागेवर आहे, मधोमध झिजलेला. आतल्या बाजूला, उभं राहून हात पोचेल इतक्या उंचीवर, एक देवळी आहे. भाडेकऱ्यांनंतर तिथे कुणीतरी वीजमीटरचा बोर्ड ठोकला होता. दादाने स्क्रू काढले. मागचा कोनाडा वरपर्यंत काळा आहे, काजळीचा थर इतका जाड की बोट रुतलं. खरवडलं नाही.

बिल्डरच्या नकाशात पश्चिमेचा सोपा म्हणजे पार्किंग आहे, चार गाड्यांचं. दादा नकाशा गुंडाळून गाडीत ठेवत होता, मग म्हणाला, मोजणी करणाऱ्याचा नंबर माग त्या चुनाघाणीवाल्यांकडे.

चुनाघाणी, व्यनि केला आहे.